फोनवरचं पुरण

आमच्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक कानांनी होत असे. आई गुरुग्रामच्या एका कंपनीत हिशेबखात्यात होती आणि आम्ही राहायचो नोएडाला. मधे अख्खी दिल्ली आडवी पडलेली. ऑफिसची कॅब तिला सहाच्या सुमारास उचलायची, आणि कॅबचं दार लागलं की घरचा फोन वाजायचा. मी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून उभा करायची. मग आई तिकडून स्वयंपाक करायची आणि मी इकडून. "तेल टाकलंस? आता मोहरी. थांब, बोलू नकोस." आम्ही दोघी गप्प. मोहरी तडतडायला लागली की म्हणायची, "हिंग. हळद. गॅस बारीक कर, करपेल." कधी म्हणायची, "ऐकू येत नाहीये गं, फोन कढईजवळ ने," की माझी धाकटी बहीण मुक्ता दोन बोटांत फोन धरून वाफेत हात घालायची आणि चटका बसला की फोनवरच आईकडे तक्रार करायची. भाजीतलं पाणी आटलंय की नाही, कांदा परतला गेलाय की नुसताच घामेजलाय, हे आई नोएडाच्या वाटेवर बसून आवाजावरून सांगायची. तिचं कधी चुकलेलं मला आठवत नाही.

कॅबमधे तिच्याबरोबर ऑफिसातल्या आणखी दोघीजणी असायच्या आणि पुढे राजबीर भैया गाडी चालवायचे. त्या सगळ्यांना आमच्या घरात आज काय शिजतंय ते पाठ असायचं. बेत ठरवण्यातही ते मागे नसत. "मैडम, कल भी लौकी थी," असं राजबीर भैयांनी एकदा सांगितलं, तेव्हा मुक्तानं ओट्याला बिलगून टाळ्या वाजवल्या होत्या. आई मोठ्यानं हसायची. तिचं हसणं फोनवर नेहमी थोडं फाटून यायचं. आजही कुणी फोनवर खळखळून हसलं की मला पहिल्यांदा हिंगाचा वास येतो. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, तुझं डोकं तपासून घ्यायला हवं.

घरात बाबाही होते बरं का. बाबांचं ऑफिस नोएडातच, म्हणजे घरी आधी तेच पोचायचे. पण त्यांना स्वयंपाकघरात उभं केलं की ते प्रत्येक डबा उघडून "यात काय आहे?" असं विचारत बसायचे, म्हणून आईनं त्यांच्याकडे कणीक मळणं आणि भांडी पुसणं एवढीच दोन खाती ठेवली होती. ती मात्र ते मन लावून सांभाळायचे. त्यांची कणीक सोसायटीत नावाजलेली होती, असं त्यांचंच म्हणणं.

मला ज्या दिवसांबद्दल लिहायचंय ते फाल्गुन-चैत्रातले. दिल्लीकडचा वसंत असतो अगदी थोडा. थंडी निघून गेलेली असते आणि उन्हाळा अजून रस्त्यात असतो, तेवढ्यात जे काय जगायचं ते जगून घ्यायचं. आमच्या नवव्या मजल्याच्या बाल्कनीतून पाहिलं तर समोरच्या सगळ्या कठड्यांवर रजया वाळत पडलेल्या दिसायच्या. सेमलची, म्हणजे आपल्या सावरीची, जाड लाल फुलं रस्त्यावर पडून गाड्यांखाली चिरडली जायची. कडुनिंबाची पानं ऐन वसंतात गळायची, आणि खाली झाडूवाल्या बायका त्यांचे पिवळे ढीग करत बसायच्या. सोसायटीच्या मागच्या भिंतीला शहतूताचं, तुतीचं झाड होतं. आमच्या परीक्षा संपून नवीन वर्ग सुरू व्हायच्या मधल्या त्या मोकळ्या दिवसांत आमचा सगळा मुक्काम त्या झाडाखाली. संध्याकाळी घरी येताना हात, तोंड, फ्रॉक सगळं जांभळं. आई म्हणायची, "एक फ्रॉक शहतूताचा ठरवून टाका आणि रोज तोच घाला." तसा एक ठरवलाही होता.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आईचं मार्च क्लोजिंग असायचं. वर्षभराचे हिशेब मिटवायचे म्हणून तिचं ऑफिस लांबत जायचं, रविवारीसुद्धा फोन यायचे, आणि घरात होळी, पाडवा, चैत्रगौर, मुक्ताचा वाढदिवस हे सगळं एकावर एक येऊन पडायचं. दुसरी एखादी बाई चिडचिडी झाली असती. आईला उलट तेव्हाच चेव चढायचा. सकाळी एका हातानं डबे भरता भरता दुसऱ्या हातानं ती आमच्या वेण्या घालायची आणि तोंडानं बाबांना रजयांच्या खोळी कुठल्या कपाटात ठेवायच्या ते सांगायची. पाडव्याला तिनं ऑफिसला निघण्याआधी बाल्कनीत गुढी उभारली. केशरी साडी, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी दिल्लीत मिळेना म्हणून बत्ताशांची माळ, वर पालथा तांब्या. ती खाली पोचायच्या आत गेटवरून इंटरकॉम आला, "मैडम, आपका लोटा उल्टा टँगा है, किसी के सिर पे गिरेगा." आईनं गेटवर उभं राहून त्या गार्डला सगळा पाडवा समजावून सांगितला आणि त्यासाठी कॅब थांबवून ठेवली. राजबीर भैयांनीही तो ऐकला. संध्याकाळी त्यांनी श्रीखंड मागितलं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून आत्या आली. बाबांची ही मोठी बहीण शाळेत इतिहास शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. तिच्या यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ताठ पाठीची, स्वच्छ बोलणारी, आणि पोळी अशी करणारी की ताटात पडल्यावर तिच्यातून वाफ निघायची. आत्या काही नुसती राहायला आली नव्हती. ती मला न्यायला आली होती.

मी आठवीत जाणार होते. आत्याचं म्हणणं असं, की मोठीला आता माझ्याकडे पाठवा. पुण्यात चांगली शाळा आहे, घरापासून चालत जाता येईल, आणि मुख्य म्हणजे घरात माणूस असेल. "गळ्यात किल्ली अडकवून पोर वाढतेय," ती बाबांना म्हणाली. "तीन वाजता, धाकटीच्याही आधी, रिकाम्या घरात येते, स्वतः वाढून घेते. मराठी बोलता बोलता मधेच हिंदीत शिरते. मीनल राबतेय, मला दिसतंय ते. मी दोष देत नाहीये. पण मी तिथे एकटी बसून भिंती बघायच्या आणि हिनं इथे एकटीनं बसून भिंती बघायच्या, याला काय अर्थ आहे?" यातलं काही खोटं नव्हतं. बाबा म्हणाले, मीनल म्हणेल तसं. आई म्हणाली, सई म्हणेल तसं. सई म्हणजे मी.

आता खरं सांगायचं तर मला पुण्याचा मोह होता. शाळेतून येऊन बेल वाजवली की आतून कुणीतरी दार उघडतंय, हे मला एखाद्या श्रीमंतीसारखं वाटायचं. आत्यानं माझ्यासाठी मागची खोलीही रिकामी करून ठेवली होती. पण जावं की न जावं याच्या आधी मला एक गोष्ट हवी होती. आईनं एकदा, एकदाच, "नको जाऊस" म्हणायला हवं होतं. ती काही म्हणेना. उलट तिनं माळ्यावरची निळी सूटकेस उतरवली, पुसली आणि बाल्कनीत उन्हाला ठेवली. "पुण्यात थंडी अशी नसतेच, स्वेटर दोनच ने," म्हणाली. पुण्याच्या भेळेची तारीफ केली. पोळ्या लाटता लाटता गुणगुणतही होती. तिचं ते हसतं तोंड बघून मी मनाशी हिशेब केला, की एक डबा कमी, एक वेणी कमी, पालकसभेची एक रजा कमी. हिला बरं पडेल. आणि एकदा असं डोक्यात घेतल्यावर मला दुसरं काही दिसेना. बारा वर्षांच्या मुलीचं दुःख चारचौघांत दाखवायचं नसतं, म्हणून मीही हसत होते. घरात नुसती हसाहस चालली होती.

आत्या आलीच आहे तर या वर्षी चैत्रगौरीचं हळदीकुंकू दणक्यात करायचं, असं आईनं ठरवलं. शनिवार धरला. सोसायटीतल्या बायकांना साडेपाचची वेळ दिली. त्यांत मराठी दोघी-तिघीच, बाकी पंजाबी, बंगाली, गढवाली, सगळ्या. आदल्या दिवशी आम्ही कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर काढून ठेवला. गौरीचा पितळी झोपाळा मुक्तानं चिंच लावून घासला. ओटीसाठी हरभरे भिजत घातले, आणि मोठ्या पातेल्यात हरभऱ्याची डाळ भिजत पडली, आंब्याची डाळ करायची म्हणून. एवढं झालं आणि रात्री ऑफिसचा निरोप आला, की क्लोजिंगसाठी शनिवारीही या. आई म्हणाली, "दोनपर्यंत येतेच. वाटायला असा किती वेळ लागतो?" आत्याचं काला अंबला, पानिपतच्या रणभूमीवर, जायचं त्याच दिवसाचं ठरलं होतं. आयुष्यभर तिनं वर्गात पानिपत शिकवलं होतं, पण ती जागा पाहिली नव्हती. बाबा तिला पहाटे गाडीनं घेऊन जाणार आणि चारला परत आणणार. सगळं अगदी वेळेत बसत होतं. ज्यांना दिल्लीचे रस्ते माहीत आहेत त्यांनी इथेच ओळखलं असेल.

दोनला आईचा फोन आला. "निघतेच आहे गं. डाळ चाळणीत उपसून ठेव, मी आले की वाटते." मग तीन वाजले, साडेतीन वाजले. आईचा फोन लागेना. बाबांचा लागला, ते सोनीपतच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत उभे होते आणि आत्या गाडीत त्यांना लढाईचा शेवटचा दिवस समजावून सांगत होती, हे मागून ऐकू येत होतं. चार वाजता समोरच्या दारातल्या सुषमा आंटी मदतीला आल्या. या आमच्या हक्काच्या शेजारीण. घरची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची, आणि आम्हाला ताप आला तर आईच्या आधी थर्मामीटर घेऊन त्या हजर व्हायच्या. त्यांनी पदर खोचला, चाळणीतली डाळ बघितली आणि विचारलं, "इसका क्या बनेगा?"

"आम की दाल," मी म्हणाले.

"तो चढ़ाई क्यों नहीं अब तक? लोग आ जाएँगे, बेटा."

मी गोंधळले. दर वर्षी ती डाळ मी वाटी वाटी खात आले होते, पण ती होताना कधी पाहिली नव्हती. ती एक गोष्ट आई पहाटे, आम्ही झोपेत असताना, स्वतः करायची. पिवळी, मोकळी, वर फोडणी, एवढंच मला ठाऊक. मुक्ताला विचारलं तर ती म्हणाली, "कच्ची असते वाटतं." सुषमा आंटींनी कानाला हात लावला. "कच्ची चने की दाल? इतनी औरतों को? सबका पेट दुखेगा, और नाम तेरी मम्मी का ख़राब होगा." मला ते पटलं. कच्ची डाळ कोण खातं, असं आपल्यालाही विचारलं तर आपण काय उत्तर देणार? आंटींनी आमचा मोठा कुकर काढला, त्यात डाळ गेली, पाणी गेलं, झाकण लागलं.

फोन वाजला तेव्हा चौथी शिट्टी होत होती. आई एकदाची कॅबमधे बसली होती. "सई, आवाज येतोय का? मी धौला कुआँला आहे, सगळं जाम आहे. मिक्सर पूस आणि..." एवढ्यात शिट्टी झाली आणि ती थांबली. तिच्या बाजूनं हॉर्न ऐकू येत होते.

"सई, कुकर कशाला लावलाय?"

 मुक्ता लगेच बोलली, "डाळीला."

तिकडे जे काही झालं ते आधी मला रडणं वाटलं. मग कळलं की ती हसत होती. हसता हसता तिनं कॅबमधल्या त्या दोघींना सांगितलं, त्या हसायला लागल्या, राजबीर भैयांनी "क्या हुआ मैडम?" विचारलं, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आमच्याकडे सुषमा आंटींनी प्रकरण ओळखलं आणि त्या तोंडावर हात ठेवून स्टुलावर बसल्या. "हाय, मैंने कर दिया," एवढंच म्हणत राहिल्या. आईनं तिकडून त्यांचीच समजूत काढली. मग मला म्हणाली, "आता ती काही परत कच्ची व्हायची नाही. गुळाचा डबा बघ, किती आहे?"

आणि त्या संध्याकाळी आम्ही फोनवर पुरण शिजवलं. आधी डाळ उपसली. "वरचं पाणी फेकू नकोस हं, रात्री कटाची आमटी." मग जाड बुडाच्या पातेल्यात डाळ आणि गूळ. मी ढवळत होते, सुषमा आंटी पातेलं चिमट्यानं धरून उभ्या होत्या, मुक्ता फोन घेऊन. गूळ विरघळला, सगळं पातळ झालं, मी घाबरले. आई म्हणाली, "पातळच होणार. ढवळत राहा. फोन खाली घे." पुरण रटरटायला लागलं, त्याचे चटके मनगटावर बसत होते. ती ऐकत होती. "अजून नाही. आवाज ओला आहे." थोड्या वेळानं, "अजून नाही." कॅबमधे कुणी बोलत नव्हतं. राजबीर भैयांनी हॉर्न वाजवला तर मागच्या दोघींनी त्यांना दटावलं. मग पुरणाचा सूर बदलला. पटपट येणारे बुडबुडे जड, सावकाश झाले, मला ते हाताला कळलं आणि तेवढ्यातच आईचा आवाज आला, "झालं बघ. उलथणं उभं कर मधोमध." केलं. उभं राहिलं. "गॅस बंद. वेलची, जायफळ," आई म्हणाली आणि मागे कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या. उरलेल्या कैऱ्यांची सुषमा आंटींनी भरपाई म्हणून लौंजी, म्हणजे त्यांच्याकडची आंबटगोड कैरी, करून टाकली.

बाबा आणि आत्या साडेपाचच्या जरा आधी आले. आत्या दारातच थबकली, नाक वर करून म्हणाली, "हळदीकुंकवाला पुरण?" मी काय झालं ते सांगितलं. मला वाटलं आता शिकवण मिळणार. पण आत्या दिवसभराच्या धुळीनं माखलेली, दमलेली, खुर्चीत बसून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग उठली, तोंड धुतलं, पुरण चाखलं आणि माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेनं पाहिलं. "गौरीला पुरणाचं वावडं थोडंच आहे," म्हणाली आणि वाट्या मांडायला बसली. बाबांना खाली बागेत पिटाळलं.

बायका आल्या. मी हळदीकुंकू लावत होते, मुक्ता गुलाबपाणी शिंपडत होती, जरा जास्तच, आत्या ओट्या भरत होती. पुरणावर तुपाची धार, शेजारी पन्हं. कोपऱ्यातली गौर झोपाळ्यात, तिच्यापुढे खरबूज आणि शहतूत. मी कुंकवाची कोयरी घेऊन दाराशी गेले. तिथे एक बाई चपला काढत होती, मी तिच्या कपाळाकडे हात नेला, आणि पाहिलं तर आई. ऑफिसच्या कपड्यांत, खांद्याला बॅग, केस विस्कटलेले. तिनं कपाळ पुढे केलं. मी हळद लावली, कुंकू लावलं. आत्यानं आतून हाक मारली, "मीनल, बस तिथेच. आज तू पाहुणी." आणि आईची ओटी भरली. आई स्वतःच्या घरात, बायकांच्या ओळीत, मांडीवर हरभरे आणि काकडी घेऊन बसली, हातात पुरणाची वाटी. मी तिला कधी असं नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. ती खूश होती. शेजारच्या बाईला सांगत होती, "मैं तो रास्ते में थी. सब बच्चों ने किया." दोनदा, तीनदा सांगत होती.

सगळ्या गेल्यावर बाबा आणि मुक्ता खुर्च्या लावायला लागले, आत्या पाठ टेकायला आत गेली. मी आमटीला फोडणी द्यायला ओट्याशी गेले तर आई तिथे उभी राहून पातेल्याला चिकटलेलं पुरण उलथण्यानं खरवडून खात होती. म्हणाली, "किती छान केलंस गं. मी नसताना एवढं सगळं झालं. आता तू पुण्याला गेलीस तरी मला काही काळजी नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कढईकडे बघत विचारलं, "आणि तुझं? मी गेले तर तुझं काही अडेल का?"

"माझं काय," ती नेहमीच्या हसऱ्या सुरात सुरू झाली, "मुक्ता आहे, सुषमा आहे, तुझे बाबा कणीक मळतात..." आणि तिथे थांबली. उलथणं खाली ठेवलं. "अडेल," ती म्हणाली. "फार अडेल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू माझ्या मदतीसाठी राहिली असतीस. उद्या म्हणाली असतीस, आईला पोळ्या लाटायला हवी होते म्हणून मला ठेवून घेतलं. मला तू कामाला नको आहेस, सई. मला तू नुसती हवी आहेस. पण मी दिवसभर घरात नसते, मग कुठल्या तोंडानं म्हणू, राहा म्हणून?"

मी तिच्या कुशीत शिरले. तिच्या बॅगेचा पट्टा अजून खांद्यावर होता, तो माझ्या कानाला टोचत होता. आता माझ्या मुली मोठ्या झाल्यात आणि त्यांना राहा म्हणायची वेळ माझ्यावरही येऊन गेलीय. हे वाक्य किती जड असतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळच्या चहाला आत्या बाल्कनीत बसली होती, आई तिच्यासमोर कप ठेवत होती. मी घसा साफ केला आणि सांगितलं, "आत्या, मी नाही येणार पुण्याला. मला इथेच राहायचंय."

आत्यानं चहाचा घोट घेतला. "बरं," म्हणाली. मग आईकडे वळली. "मीनल, मी आल्यापासून वाट बघत होते, तू कधी नाही म्हणतेस याची. तू आपली सूटकेसला ऊन दाखवतेस. म्हटलं, हिला काही वाटतंय की नाही?"

"ताई, तुम्ही एवढ्या मायेनं आलात. नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटतंयच की वाईट," आत्या म्हणाली. "मी खोलीला पडदे शिवून ठेवलेत. पिवळे. पण काल मला कळलं, हे घर रिकामं नसतं गं. माझंच असतं."

 आत्या रडत नव्हती, नुसती समोरच्या इमारतीवरच्या रजया बघत होती. आई जमिनीवर बसली, आत्याच्या पायांशी, आणि तिनं आत्याचा हात हातात घेतला. म्हणाली, "मे महिन्यात येतो आम्ही. मुली सुट्टीभर राहतील, मीही आठ दिवस काढते. तुम्हीही थंडीत इथे या, महिना-दोन महिने. पडदे राहू देत." आत्यानं मान हलवली, आणि मग तिचे डोळे भरले.

आत आईचा फोन वाजायला लागला. ऑफिसचाच असणार, क्लोजिंगचे दोनच दिवस राहिले होते. तो वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. मुक्ता तो घेऊन धावत बाल्कनीत आली.

"उचल की," आत्या डोळे पुसत म्हणाली.

आईनं तिचा हात सोडला नाही. "वाजू दे," म्हणाली.